तिकिटाबाहेरची आई

मुलांनो, पोस्टाचं तिकीट तुम्ही शेवटचं कधी हातात घेतलंत? पटकन आठवणार नाही. हल्ली घरी पत्रं येतात ती बँकेची नाहीतर विम्याची, आणि त्यांच्यावर तिकिटाच्या जागी बहुतेक वेळा यंत्राने उमटवलेला शिक्का असतो. दातेरी कडांचं, रंगीत चित्राचं, मागे गोंद असलेलं तिकीट बघायला मिळणं आता अवघडच झालंय. म्हणून आमच्या वर्गाच्या कपाटात मी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा ठेवला आहे. त्यात काही मी जमवलेली तिकिटं आहेत, काही मुलांच्या आजोबांनी दिलेली, काही कुणाच्या मामाने परदेशातून धाडलेली. शनिवारी शाळा सुटायच्या आधी अर्धा तास तो डबा मुलांचा.

दर वर्षी मुलं बदलतात, पण एक गोष्ट बदलत नाही. राजे-राण्या, पुढारी, विमानं, पूल, धरणं यांच्यावरून बोटं सरसर पुढे जातात आणि प्राण्यांपाशी थांबतात. त्यातही वाघ-सिंहापेक्षा जास्त गर्दी होते ती पिल्लांपाशी. "हे मी आधी बघितलं!" अशी भांडणं होतात ती पिल्लांवरूनच. मोठी माणसं तिकीट किती जुनं, किती दुर्मिळ, किंमत किती येईल ते बघतात. मुलं पिल्लाचे डोळे बघतात. मला विचाराल तर मुलांची पद्धत बरी.

प्राणी तिकिटावर आले त्याला बराच काळ झाला बरं का! जगातलं पहिलं टपाल तिकीट इंग्लंडात १८४० साली निघालं, त्यावर व्हिक्टोरिया राणीचा मुखडा होता. पुढे अकराच वर्षांनी, १८५१ साली, कॅनडाने तीन पेन्सच्या तिकिटावर बीव्हर छापला. बीव्हर म्हणजे झाडं कुरतडून ओढ्याला बांध घालणारा प्राणी. राणीच्या मानाच्या जागी चक्क उंदराचा भाऊबंद! आपल्या देशात १९६२ साली वन्यजीव सप्ताहानिमित्त गेंड्याचं तिकीट आलं आणि १९६३ साली गवा, हत्ती, वाघ, सिंह आणि हिमालयातला तांबडा पांडा अशी पाच तिकिटं निघाली. १९७६ साली बारशिंगा, सिंह, बिबट्या आणि कॅरकल नावाचं लांब कानांचं रानमांजर. यातला बिबट्या लक्षात ठेवा, त्याच्याकडे आपल्याला पुन्हा यायचंय.

पुढे नुसत्या पिल्लांच्याच मालिका निघाल्या. ऑस्ट्रेलियाने २०११ साली 'बुश बेबीज', म्हणजे रानातली बाळं, या नावाने तिकिटं काढली. त्यात कांगारू होता, कोआला होता. अमेरिकेच्या टपालखात्यानेही २०२५ साली रानटी प्राण्यांच्या पिल्लांचा एक संच काढला.

या सगळ्या तिकिटांबद्दल माझी एक बारीकशी तक्रार आहे. पिल्लू गोंडस झालं की मगच चित्रकार त्याला तिकिटावर बोलावतात. जन्माच्या दिवशीचं पिल्लू मी तरी कुठल्या तिकिटावर पाहिलेलं नाही. आणि खरी नवलाई तर त्याच दिवसांत असते.

कांगारूचंच घ्या. लाल कांगारूचं पिल्लू आईच्या पोटात जेमतेम ३३ दिवस असतं. जन्मतं तेव्हा ते वालाच्या दाण्याएवढं असतं, वजन एक ग्रॅमसुद्धा भरत नाही. डोळे मिटलेले, मागचे पाय म्हणजे नुसते कोंब. पुढच्या दोन पायांत मात्र जोर असतो. त्या पायांनी आईचे केस धरत धरत, पोहल्यासारखे हात मारत ते आपलं आपण वर चढतं आणि थैलीत शिरतं. आई त्याला उचलून ठेवत नाही! काही मिनिटांचा हा प्रवास, पण तो चुकला तर पिल्लू वाचत नाही. आत गेल्यावर ते आईचं स्तनाग्र तोंडात धरतं, ते तोंडात फुगतं आणि पिल्लू तिथे पक्कं अडकून राहतं. आई टणाटण उड्या मारते तरी हे आपलं जागच्या जागी. थैलीतून डोकं काढून बघणारं जे पिल्लू आपल्याला तिकिटावर दिसतं, ते एव्हाना पाच-सहा महिन्यांचं झालेलं असतं. थैली कायमची सोडायला त्याला सुमारे आठ महिने लागतात.

कोआलाची गंमत सांगते, पण जेवताना वाचत असाल तर हा परिच्छेद नंतर वाचा. कोआला निलगिरीची पानं खातो. ती पानं विषारी आणि पचायला महाकठीण. ती पचवणारे सूक्ष्म जीव मोठ्या कोआलाच्या आतड्यात असतात, पिल्लाच्या नसतात. मग पिल्लू थैलीबाहेर डोकावू लागलं की आई एक खास मऊ विष्ठा बाहेर टाकते आणि पिल्लू ती खातं! वर्गात हे सांगितलं तेव्हा "ईऽऽऽ" असा एकच गलका झाला. तो ओसरल्यावर मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "म्हणजे दुधाला विरजण लावतात तसं!" इतकं चपखल मला सुचलं नसतं.

आणि पांडा? काळा-पांढरा, गुबगुबीत, सगळ्या जगाचा लाडका. चीनने १९६३ सालीच त्याच्यावर तिकिटं काढली. पण जन्मलेला पांडा गुलाबी असतो, अंगावर विरळ पांढरी लव, डोळे बंद, वजन साधारण १०० ग्रॅम. आई त्याच्या नऊशेपट जड! काळे डाग उमटायला आठवडाभर तरी लागतो आणि डोळे उघडायला सहा ते आठ आठवडे. तोवर त्याचं चित्र तिकिटावर छापलं तर लोक पोस्टात विचारतील, हे काय आहे म्हणून.

एका शनिवारी डब्यातून जर्मनीचं तिकीट निघालं. त्यावर पांढऱ्या अस्वलाचं पिल्लू होतं, किंमत ५५ सेंट आणि पुढे अधिक २५ सेंट. हे अधिकचे २५ पर्यावरणाच्या कामासाठी घेतलेले. चौथीतली एक मुलगी, एरवी फारशी बोलत नाही, ती ते तिकीट चिमट्यात धरून बराच वेळ बघत बसली आणि मग म्हणाली, "बाई, याची आई कुठंय?"

या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. आधी पांढऱ्या अस्वलांच्या घरची रीत सांगावी लागते. उत्तर ध्रुवाकडे हिवाळा सुरू झाला की गाभण मादी बर्फात गुहा खोदून आत जाऊन बसते. नोव्हेंबर-डिसेंबरात तिला पिल्लं होतात, बहुधा दोन. एकेकाचं वजन ६००-७०० ग्रॅम, म्हणजे साखरेच्या एक किलोच्या पुडीपेक्षाही कमी, आणि आई दोनशे किलोच्या घरातली. बाहेर वारा घोंगावतो, आत आई पिल्लांना कुशीत घेऊन पडून असते. कित्येक महिने ती स्वतः काही खात नाही, अंगातल्या चरबीवर जगते आणि पिल्लांना दूध पाजते. ते दूध कसलं दाट! आपल्या म्हशीच्या दुधात साधारण सात टक्के स्निग्धांश असतो, हिच्या दुधात तीस टक्क्यांच्या आसपास. मार्च-एप्रिलमध्ये गुहेचं तोंड फुटतं आणि पिल्लं पहिल्यांदा ऊन बघतात. त्यानंतरही दोन-अडीच वर्षं ती आईच्या मागेमागेच असतात. शिकार कशी करायची, बर्फ कुठे पातळ असतो, सगळं तिच्याकडूनच शिकायचं.

तिकिटावरच्या पिल्लाला यातलं काही मिळालं नाही. त्याचं नाव क्नूट. ५ डिसेंबर २००६ रोजी बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयात ते जन्मलं. आईचं नाव टोस्का, ती आधी सर्कशीत होती. तिला दोन पिल्लं झाली आणि दोघांनाही तिने जवळ घेतलं नाही. कातळावर तशीच सोडून ती बाजूला झाली. शेवटी रखवालदारांनी लांब दांड्याच्या जाळीने त्यांना उचललं. एक पिल्लू चार दिवसांनी गेलं. उरलेलं, ८१० ग्रॅमचं, ४४ दिवस ऊबपेटीत ठेवलं. थॉमस डोर्फलाइन नावाचे रखवालदार त्याच्या शेजारीच गादी टाकून झोपत. दर दोन तासांनी बाटलीने दूध पाजायचं, त्यात माशाचं तेल घालायचं, अंग पुसायचं, रडलं तर थोपटायचं. ते त्याला गिटार वाजवून गाणीही म्हणून दाखवत. मार्च २००७ मध्ये क्नूट लोकांसमोर आला आणि बर्लिनला नुसतं वेड लागलं. त्याची खेळणी निघाली, गाणी निघाली आणि एप्रिल २००८ मध्ये हे तिकीट निघालं.

"म्हणजे याला आई नव्हती?"

"होती. पण मिळाली नाही. दाढीवाले काका मिळाले."

पुढचंही विचारलं, तेही सांगितलं. अस्वल ते अस्वलच. काही महिन्यांत क्नूट एवढा वाढला की डोर्फलाइन यांना त्याच्याबरोबर खेळायची बंदी झाली, कारण खेळता खेळताही त्याने माणूस फाडला असता. तिकीट निघालं त्याच वर्षी सप्टेंबरात डोर्फलाइन वारले. क्नूट १९ मार्च २०११ रोजी लोकांच्या देखत पाण्यात पडला आणि गेला, त्याच्या मेंदूला सूज आली होती. चारच वर्षांचा होता. मुलांना असलं दुःखाचं सांगू नये असं काही पालकांना वाटतं, मला वाटत नाही. मुलांनी विचारलं तर खरं सांगावं. त्या मुलीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग तिकिटावर काकांनापण काढायला पाहिजे होतं."

तेव्हापासून आमच्याकडे एक खेळच सुरू झाला. कोऱ्या कागदाच्या मधोमध तिकीट लावायचं आणि चारी बाजूंनी, तिकिटाच्या बाहेर काय असेल, ते पेन्सिलीने काढायचं. आई कुठे उभी आहे, घर कसलं आहे, खायला काय आहे. तुम्हीही करून बघा. तिकीट पाकिटावरून ओढून काढू नका. तिकिटाभोवतीचा कागद कापून घ्या, पाण्यात तरंगत ठेवा, ते आपोआप सुटतं. मग दोन टिपकागदांत दाबून वाळवा. कागदावर लावताना गोंद वापरू नका, तिकिटांसाठी 'हिंज' म्हणून कागदाची बारीक पट्टी मिळते ती वापरा. अमेरिकेची अलीकडची तिकिटं मात्र स्टिकरसारखी असतात, ती पाण्याला दाद देत नाहीत.

या खेळात मुलांच्या कल्पना भराभर कळतात. एकीने सम्राट पेंग्विनच्या पिल्लाशेजारी पदर घेतलेली पेंग्विन-आई काढली. पदर राहू दे म्हटलं, पण आई खोड! अंटार्क्टिकाच्या भर हिवाळ्यात मादी अंडं घालते आणि खायला समुद्राकडे निघून जाते. मग दोन महिन्यांहून जास्त काळ ते अंडं बाबा आपल्या पावलांवर, पोटाच्या घडीखाली धरून उभा असतो. खाणं नाही, बसणं नाही, अंडं बर्फाला टेकू द्यायचं नाही. आईला परतायला उशीर झाला तर अन्ननलिकेतून पाझरणारा दह्यासारखा रस तो पिल्लाला भरवतो. "माझे पप्पा तर मॅगीपण करत नाहीत," अशी प्रतिक्रिया आली. पालकांनी वाचलं असेल तर नोंद घ्यावी.

काळविटाचं तिकीट आपल्याकडे १९८७ साली निघालं, पाच रुपयांचं. त्याच्या भोवती मुलांनी कळप काढला आणि मादीच्या अगदी पोटाशी चिकटलेलं पाडस काढलं. दिसायला छान, पण खऱ्या माळावर तसं दिसत नाही. पहिले काही दिवस काळविटाचं पाडस गवतात एकटंच दडून बसतं. मान जमिनीला टेकवून, न हलता, न ओरडता. आई लांब चरत असते. ती मधूनमधून येते, दूध पाजते आणि पुन्हा निघून जाते. कारण साधं आहे. आई ठळक दिसते. ती जवळ उभी राहिली तर लांडग्याला पाडसाचा पत्ताच मिळेल. पाडसाच्या अंगाला वासही फारसा येत नाही, त्यामुळे शत्रू चार पावलांवरून निघून जातो. चितळाचं पाडसही असंच करतं. मग तिथून एखादा भला माणूस जातो, एकटं पाडस बघतो, त्याला वाटतं, "अरेरे, आईने टाकलं बिचाऱ्याला!" आणि तो ते उचलून घरी आणतो. संध्याकाळी आई येते, तर जागा रिकामी. क्नूटची आई त्याला सोडून गेली होती, या पाडसाची गेलेली नसते. फरक एवढाच की ती आपल्याला दिसत नाही.

आता तो १९७६ चा बिबट्या, एक रुपयाचा. हे तिकीट दिल्यावर मी मुद्दाम काही बोलले नाही. अर्ध्या तासाने कागद गोळा केले तर सगळ्यांनी बिबट्याभोवती काय काढलं असेल? जंगल एकानेही नाही. सगळ्यांनी ऊस काढला होता!

बरोबरच आहे त्यांचं. जुन्नर, शिरूर, संगमनेर, निफाड या बाजूला राहणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. ऊस वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ उभा असतो, आत दाट सावली, जवळ पाणी, वस्तीवर कुत्री-शेळ्या. बिबट्याच्या मादीला बाळंतपणाला याहून बरी जागा कुठली? दोन-तीन पिल्लं होतात. पहिले दहाएक दिवस त्यांचे डोळेही उघडलेले नसतात. रात्री आई शिकारीला जाते, पिल्लं सरीत गपचूप पडून राहतात. धोका वाटला तर ती एकेकाला मानेच्या कातडीला धरून दुसऱ्या जागी नेते. दीड-दोन वर्षं पिल्लं तिच्याबरोबर राहतात.

मग ऊसतोड येते. कोयता चालत चालत पुढे सरकतो आणि एका सरीत मांजराएवढी, ठिपक्यांची पिल्लं दिसतात. हा हा म्हणता गर्दी जमते. कुणी उचलून घेतं, कुणी मोबाइलवर फोटो काढतं, कुणी बशीत गाईचं दूध आणतं. सगळ्यांना वाटतं, पिल्लं अनाथ आहेत. आणि आई बहुतेक वेळा शेजारच्याच फडात बसलेली असते. दिवसाउजेडी, माणसांच्या गर्दीत ती येऊ शकत नाही, आणि आली तर काय होईल ते सांगायला नकोच.

माझ्या वर्गातल्या एका मुलाने हे ऐकून हात वर केला. त्याच्या घरची शेळी बिबट्याने नेली होती. "बाई, मग पिल्लं तिला परत द्यायचीच कशाला?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बिबट्या म्हणजे तिकीट नव्हे. या भागात बिबट्यांच्या हल्ल्यांत माणसं गेली आहेत, तुमच्याएवढी मुलंसुद्धा. म्हणून तर अंधार पडल्यावर एकट्याने बाहेर जायचं नाही, शेताच्या कडेला ओणवं बसायचं नाही, हे आम्ही वर्गात पुन्हा पुन्हा बोलतो. पण पिल्लं उचलून नेली तर बिबटे कमी होत नाहीत. उलट पिल्लं हरवलेली मादी त्याच फडाभोवती हाका मारत, चिडून फिरत राहते, म्हणजे धोका वाढतो. आणि माणसाच्या हाती वाढलेलं पिल्लू शिकार शिकत नाही, त्याला मोठेपणी रानात सोडता येत नाही. त्याचा जन्म पिंजऱ्यात जातो. त्या मुलाला हे सगळं पटलं, असं मी म्हणणार नाही. शेळी त्याची होती. "बघू," एवढंच तो म्हणाला.

जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे. अशी पिल्लं सापडली की करायचं काय, हे वनखात्याने आणि तिथल्या डॉक्टरांनी ठरवून ठेवलेलं आहे. फडातलं काम थांबवायचं, पिल्लांना हात लावायचा नाही, मोठ्या माणसांनी वनखात्याला कळवायचं. त्यासाठी १९२६ हा फोन क्रमांक आहे. डॉक्टर येऊन पिल्लं तपासतात, काही दुखापत नाही ना बघतात. मग संध्याकाळी, पिल्लं जिथे सापडली नेमकी त्याच जागी, त्यांना एका खोक्यात ठेवतात. जागा तीच हवी, कारण आई तिथेच शोधायला येते. जवळ आपोआप चित्र टिपणारा कॅमेरा लावतात आणि सगळी माणसं लांब निघून जातात.

अंधार पडतो. कधी आई तासाभरात येते, कधी मध्यरात्र उलटते. कधी त्या रात्री येतच नाही, मग दुसऱ्या रात्री पुन्हा तसंच खोकं ठेवायचं. माणसांचा हात लागलेला असला तरी ती सहसा पिल्लांना नाकारत नाही. आली की आधी लांबूनच अंदाज घेते. मग खोक्याला पंजा मारून ते आडवं करते, एका पिल्लाला तोंडात धरते आणि उसात शिरते. थोड्या वेळाने दुसऱ्यासाठी परत येते.

सकाळी वनखात्याची माणसं येऊन रिकामं खोकं उचलून नेतात, आणि एक-दोन दिवसांनी थांबलेली तोड पुन्हा सुरू होते.